गरोदर बायकांचा मशेरी-दारू सोडायचा गट, डिचोली बाजू: जरूर जा

आमच्या डिचोली भागात गरोदर बायकांसाठी एक गट चालतो, मशेरी तंबाखू दारू सोडायला किंवा मुळात लागूच नये म्हणून, आणि चालवणाऱ्या सगळ्याजणी स्वतः ह्यातून बाहेर पडलेल्या आया. धाकट्या जावेला घेऊन मी जायचे म्हणून लिहितेय. फी नाही.

सगळ्यात आवडलं ते हे की कोणी ओरडत नाही. आधी एका डॉक्टरने तिला चार लोकांत झापलेलं, मग काय, पुढच्या वेळी तिने मशेरी लावतच नाही म्हणून सांगून टाकलं. इथल्या ताईने पहिलंच विचारलं, सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ना गं? खरं दुखणं तेच होतं!! मग उठल्याबरोबर कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, दाताला साधा ब्रश, आणि डबा घरात दिसायलाच नको, सासूबाईंचासुद्धा. तलफ आली की ताईला फोन, पहाटेसुद्धा उचलायची ती. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, निकोटीन बाळापर्यंत जातं, बाळ कमी वजनाचं किंवा दिवसांआधी होऊ शकतं, हेही सांगितलं पण शांतपणे. सुटली जावेची.

दारूबद्दल तर एकदम स्पष्ट. काजूच्या दिवसांत घरोघरी हुर्राक (काजूचीच दारू), वर सर्दीला दोन चमचे फेणी घे म्हणणाऱ्या आज्या आहेतच, तर गरोदरपणात थोडी चालते असं काही नसतं हे त्या ठणकावून सांगतात. पण जी रोज भरपूर पिते तिला एकदम बंद कर म्हणत नाहीत, आधी डॉक्टरकडे नेतात, कारण अचानक तोडली तर फिट येऊ शकते. ही जबाबदारी मला फार मोलाची वाटली.

गावच्या बायकांना काय कळतं म्हणणाऱ्यांसाठी, आपल्या गोव्यातच संगाथ संस्थेने गरोदरपणातल्या डिप्रेशनसाठी साध्या गावातल्या बायकांना शिकवून, त्यांच्याकडूनच मदत देऊन २८० गरोदर बायकांचा अभ्यास केलाय, २०१९ मध्ये डॉक्टरांच्या मासिकात, लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत छापून आलाय.

तक्रार वेळेची. दुपारी तीनला कामावर जाणारी बाई येणार कशी, आणि नवरा घरात रोज बाटली उघडून बसत असेल तर तिने एकटीने किती झुंजायचं, नवऱ्यांना पण बोलवा ना. संध्याकाळची बैठक होईपर्यंत ज्यांना जमत नाही त्यांनी १४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत.