जिनिंगचा जुना पोस्टग्रेस: जागेवरच अपग्रेड की डम्प काढून नव्या मशीनवर?

वणी-हिंगणघाट पट्ट्यातल्या तुमच्या जिनिंगच्या ऑफिसात सेंटओएस ७ (लिनक्स) आणि त्याच्यासोबत आलेला पोस्टग्रेस ९.२ (डेटाबेस) अजून चालू असेल, तर काटापट्ट्या, चुकारे, गाठींचा हिशेब सगळं त्याच्याच भरवशावर आहे. ९.२ चा सपोर्ट २०१७ मध्ये संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. अपग्रेड तर करायचाच आहे, कसा ते ठरवू.

जागेवरच करायचा तर पीजी_अपग्रेड, म्हणजे पोस्टग्रेसचंच अपग्रेडचं साधन. लिंक मोडमध्ये फायली कॉपी होत नाहीत, नवा सर्व्हर जुन्याच वापरतो, त्यामुळे मोठा डेटाही मिनिटांत उरकतो. पण त्याला जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्यांचे प्रोग्रॅम एकाच वेळी हजर लागतात, आणि दोन्ही पॅकेजांची मांडणी वेगळी. सेंटओएसचं पॅकेज प्रोग्रॅम थेट /यूएसआर/बिन मध्ये टाकतं. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या रेपोतलं (पॅकेजांचं भांडार) नवं, समजा १५ चं, /यूएसआर/पीजीएसक्यूएल-१५/बिन मध्ये, सर्व्हिसचं नावही वेगळं. जुने-नवे प्रोग्रॅम आणि जुनं-नवं डेटा फोल्डर असे चारही पाथ हातानं द्यायचे. जुनं पॅकेज आधीच काढून टाकलं की अडलंच.

खरा त्रास पुढे आहे. सेंटओएस ज्याच्यावर बेतलंय त्या रेड हॅटनं ९.२ मध्ये सॉकेट फोल्डरच्या (सर्व्हरशी त्याच मशीनवरून जोडायची जागा) सेटिंगचं नाव ९.३ सारखं अनेकवचनी करून ठेवलंय. पीजी_अपग्रेड ९.२ बघून जुनं एकवचनी नाव पाठवतो आणि जुना सर्व्हर सुरूच होत नाही. उपाय म्हणजे जुन्या पीजी_सीटीएलचं (सर्व्हर सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) नाव बदलून त्या जागी ते नाव दुरुस्त करणारी छोटी स्क्रिप्ट ठेवणे. चालतं, पण रात्री अकराला इन्व्हर्टरच्या जिवावर हे कोण करणार? शिवाय लिंक मोडमध्ये नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुन्यावर परतता येत नाही. (उबुंटूवर प्रत्येक आवृत्तीचं फोल्डर आधीच वेगळं असतं, तिथे ही भानगड नाही.)

डम्पला (सगळा डेटा बाहेर काढून नव्या सर्व्हरमध्ये पुन्हा भरणे) वेळ लागतो, पण पाथची कटकटच उरत नाही. नव्या मशीनवरच्या पीजी_डम्पनं जुन्यातून डेटा ओढायचा. मध्येच लाइन गेली तर पुन्हा सुरू करायचं, जुना डेटा जसाच्या तसा. इंडेक्सही नव्यानं बनतात, हे महत्त्वाचं: जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ पासून अक्षरांचा क्रम बदललाय, जुनं डेटा फोल्डर उचलून नव्या लिनक्सवर ठेवलं तर शेतकऱ्यांच्या नावांचा शोध चुकू शकतो.

डेटा काही जीबींचाच असेल, तर मी डम्पच निवडेन. शेकडो जीबी असतील तरच पीजी_अपग्रेडचा विचार करा, तोही आधी चेक पर्याय (काही न बदलता फक्त तपासणी) चालवून आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवून. काम जिनिंग बंद असताना, पावसाळ्यात काढा, आणि युजरचे पासवर्ड नव्यानं टाका; जुन्या एमडी५ पद्धतीनं साठवलेले पासवर्ड नव्या, जास्त सुरक्षित स्क्रॅम सेटिंगवर चालत नाहीत.