‘ट्रॅक पॅकेज’च्या नावाखाली जुने टायर

गोव्यात रेस ट्रॅक नाही. हौस भागवायची तर कोईमतूरचा करी मोटर स्पीडवे, नाहीतर चेन्नईजवळचं इरुंगाट्टुकोट्टई गाठावं लागतं. जुने टायर खपवणाऱ्या ठगांच्या हे पथ्यावरच पडतं: माल इथे विकायचा, त्याची परीक्षा शेकडो किलोमीटर दूर.

म्हापशाच्या एका पोलो कारवाल्याला विकलेलं पॅकेज असं: चार ‘इम्पोर्टेड सेमी-स्लिक’ (कमी खाचांचे, ट्रॅकवरचे टायर), माप १९५/५५ आर १६, सोबत एका दिवसाचं ट्रॅक ट्रेनिंग. पैसे आगाऊ, यूपीआयवर. बिल ‘मागीर दितां, पात्रांव’ (नंतर देतो, साहेब). टायर रिमवर चढवूनच दिले, आणि खरी मेख तिथेच. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे (२३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा) बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली की गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाहीत. इथे दोन टायर २०१७ चे निघाले. उरलेले दोन झिजलेले, खाचा पुन्हा कोरलेले.

कोरलेला टायर खाचेच्या तळाशी ओळखता येतो. झीज दाखवणारे १.६ मिलिमीटरचे उंचवटे तिथे असायलाच हवेत. कोरताना ते कापले जातात. कारच्या टायरात कोरण्यापुरतं जादा रबर नसतं, त्यामुळे पातं टायरच्या आतल्या स्टीलच्या पट्ट्यांजवळ पोचतं. वरून पॉलिश असतंच. शॅम्पूच्या पाण्याने पुसा, बारीक भेगा दिसतील.

जुन्या टायरच्या खाचा भरपूर असल्या तरी रबर कडक झालेलं असतं. वळणात गाडी बाहेर सरकते, ब्रेक दाबताच एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरायला लागतो. मग प्रशिक्षक, म्हणजे टायर विकणाराच, सांगतो, ‘तुमचं ड्रायव्हिंग कमी पडतंय, लेव्हल टू करा.’ टायरचा दोष चालकाच्या माथी, आणि त्याचीही फी!

ते ट्रेनिंग तरी काय? वेर्ण्याच्या मोकळ्या प्लॉटवर चार प्लॅस्टिकचे ट्रॅफिक कोन, तासभर चकरा, शेवटी ‘रेसिंग लायसन्स’ म्हणून छापील कागद. स्पर्धेचं लायसन्स एफएमएससीआय ही देशातली मोटरस्पोर्टची संघटना देते, गॅरेज नाही. खरा प्रशिक्षक शेजारी बसतो. बैठक, नजर आणि सरळ रेषेतलं जोरदार ब्रेकिंग आधी घोटून घेतो आणि तुमच्या साध्या टायरांवरच लॅपच्या (ट्रॅकच्या एकेका फेरीच्या) वेळा नोंदवतो. त्या वेळा स्थिर व्हायच्या आत टायर बदलायला सांगणारा विक्रेता समजावा. थंड टायरातली हवा काही लॅपमध्ये पाच-सहा पीएसआय सहज चढते; ज्याच्याजवळ प्रेशर गेज नाही त्याच्याकडे शिकू नये. (नायट्रोजनचे वेगळे पैसेही लावले होते. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.)

टायर रिमवर चढण्याआधी प्रत्येक टायरवरच्या त्या चार आकड्यांचे फोटो काढा आणि तेच आकडे बिलावर लिहून घ्या. यूपीआयच्या नोंदीवरून पैसे गेल्याचं कळतं, माल काय दिला ते नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना हे बिल आणि फोटो हाताशी लागतात.