दुपारचा चहा इंग्लंडच्या कुठल्या हवेलीत? क्लिव्हडन, ब्लेनम की चॅट्सवर्थ

मुलांकडे लंडनला आलेल्या आईवडिलांना एकदा तरी ‘खरा इंग्लिश चहा’ घडवायचा, हा बेत इथल्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात ठरतो. लंडनच्या मोठ्या हॉटेलांत तो मिळतोच, पण ही रीत रुजली ती गावाकडच्या सरदारी घरांत. सभोवती शेकडो एकर कुरण, जुनी झाडं, तळं, आणि मधोमध दोनतीनशे वर्षांचं घर. जमत असेल तर चहा तिथेच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. मग प्रश्न उरतो तो कुठल्या इस्टेटीवर, एवढाच.

तिमजली तबक सगळीकडे जवळपास सारखं असतं. खाली सँडविच, मध्ये स्कोन (छोटा, गोडसर पाव), वर केक. खरा फरक दोन गोष्टींत आहे: तुम्हाला बसवतात कुठे, आणि चहाच्या आधीचे-नंतरचे तास कसे जातात. निवड याच दोन गोष्टींवर करावी.

या प्रथेचं माहेर म्हणून नाव घेतलं जातं ते बेडफर्डशरमधल्या वोबर्न ॲबीचं. बेडफर्डची सातवी डचेस ॲना मरिया ही राणी व्हिक्टोरियाच्या खास मानकरणींपैकी. त्या काळी रात्रीचं जेवण आठच्या पुढे सरकलं होतं आणि दुपारी काहीतरी हलकंच खाल्लं जाई. चार-पाचच्या सुमाराला पोटात कालवायला लागलं, की ती खोलीत चहा आणि लोणी-पाव मागवू लागली, मग मैत्रिणींनाही बोलवू लागली, अशी कथा सांगतात. साल 1840 च्या आसपासचं. योगायोग असा, की आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्यांचा लिलाव लंडनमध्ये 10 जानेवारी 1839 ला झाला होता. डचेसच्या कपात मात्र तेव्हा बहुधा चिनी चहाच असणार, कारण आसामचा माल बाजारात भरपूर यायला अजून अवकाश होता.

एवढी कथा असूनही पहिल्या भेटीसाठी मी वोबर्न सुचवत नाही. मोठ्या दुरुस्तीच्या कामांमुळे ते घर दीर्घकाळ बंद राहिलं आहे, त्यामुळे जाण्याआधी काय खुलं आहे याची चौकशी करावी लागते. शिवाय गाडी नसेल तर तिथे पोचणं कटकटीचं. मिल्टन कीन्सला राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी घर खुलं असेल तेव्हा जरूर जावं, इटालियन चित्रकार कानालेत्तोनं काढलेली व्हेनिसची चित्रं तिथे बघायला मिळतात.

क्लिव्हडन: घराच्या आत बसायचं असेल तर

थेम्सच्या काठावर, उंच टेकाडावर हे घर आहे. आधीचं घर 1849 मध्ये जळलं आणि 1851 मध्ये चार्ल्स बॅरीनं आजची वास्तू उभी केली. पुढे ती ॲस्टर कुटुंबाकडे आली. नॅन्सी ॲस्टर ही 1919 मध्ये ब्रिटिश संसदेत प्रत्यक्ष आसनस्थ झालेली पहिली महिला, ती इथली यजमानीण. 1942 मध्ये कुटुंबानं इस्टेट नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या संस्थेला दिली. आज बागा ट्रस्ट सांभाळतो आणि घरात पंचतारांकित हॉटेल चालतं.

इथे चहा मिळतो तो ग्रेट हॉलमध्ये, म्हणजे घराच्या मुख्य दिवाणखान्यात. भिंतींना गडद लाकडाचं आच्छादन, फ्रान्सहून आणलेली सोळाव्या शतकातली दगडी शेकोटी, आणि भिंतीवर सार्जंटनं काढलेलं नॅन्सी ॲस्टरचं पूर्णाकृती चित्र. पांढऱ्या पोशाखातली, मागे हात बांधून खांद्यावरून वळून पाहणारी. ज्या खोलीत तिनं पाहुणे बसवले त्याच खोलीत मऊ सोफ्यावर बसून तुम्ही चहा ओतून घेता. इतर बहुतेक इस्टेटींवर घर दोरीच्या अलीकडून पाहायचं आणि चहा बाजूच्या इमारतीत प्यायचा, अशी व्यवस्था असते. क्लिव्हडनचं मोल याच फरकात आहे. म्हणूनच बुकिंग करताना ‘ग्रेट हॉलमध्येच जागा मिळेल ना?’ हे स्पष्ट विचारा. गर्दीच्या दिवशी दुसऱ्या दालनात बसवलं, तर निम्मी मजा जाते.

उणी बाजू म्हणजे खर्च. तिघांत हे सर्वांत महाग पडतं, आणि हॉटेल असल्यामुळे घराच्या बाकीच्या खोल्या मनसोक्त पाहता येत नाहीत. कपडे नीटनेटके हवेत. आईनं साडी नेसली तर ती या खोलीत फार शोभून दिसते, बुटांची काळजी मात्र घ्यावी, कारण नदीकडे उतरणाऱ्या वाटा तीव्र उताराच्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खाली उतरू नका, घरामागच्या गच्चीवरून दिसणारी आखीव बाग पुरेशी आहे.

जायला सोपं: एलिझाबेथ लाइननं टॅपलो किंवा बर्नम, तिथून टॅक्सी. स्लाव, रेडिंग, मेडनहेडकडची मंडळी तर अर्ध्या दुपारीही जाऊन येऊ शकतात.

ब्लेनम: दिवसभर, आणि गाडीशिवाय

1704 ची लढाई जिंकणाऱ्या मार्लबरोच्या ड्यूकला राष्ट्राकडून भेट म्हणून हा राजवाडा मिळाला. वास्तुरचना जॉन व्हॅनब्रूची. 1987 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. विन्स्टन चर्चिल 30 नोव्हेंबर 1874 ला इथेच जन्मला, आणि 1908 मध्ये क्लेमंटाइनला लग्नाची मागणी त्यानं इथल्याच बागेतल्या डायना या रोमन देवतेच्या मंदिरात घातली. चर्चिल पंतप्रधान असताना पडलेल्या बंगालच्या दुष्काळाची आठवण असलेल्या आपल्या माणसांना त्या जन्मखोलीपुढे उभं राहताना काय वाटेल, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी तरी वडीलधाऱ्यांना तिथे नेण्याआधी त्याविषयी मोकळेपणानं बोलते.

चहा ऑरेंजरीत असतो. थंडीत संत्र्याची झाडं जपण्यासाठी बांधतात तसलं हे काचेचं, भरपूर उजेडाचं दालन. बाहेर ड्यूकची खासगी इटालियन बाग, कापून आकार दिलेल्या झुडपांची, मधोमध कारंजं. क्लिव्हडनचा अंधुक रुबाब इथे नाही, पण जून महिन्यात दुपारी तीनला या काचांमागे बसण्याचं सुख वेगळंच आहे. फोटो काढायची हौस असेल तर प्रश्नच नको.

ब्लेनमची बाजू भक्कम होते ती बाकीच्या दिवसामुळे. दालनं पाहायची, मग कॅपेबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकारानं अठराव्या शतकात घडवलेल्या तळ्याकाठी फिरायचं. ते तळं इतकं सहज वाटतं, की ओढा अडवून ते मुद्दाम तयार केलंय हे सांगितल्याशिवाय कळत नाही. पॅडिंग्टनहून ऑक्सफर्डपर्यंत रेल्वे, पुढे वुडस्टॉकची बस, आणि बस दाराशी सोडते. प्रवेशाचं तिकीट आणि चहा यांचा हिशोब मात्र वेगवेगळा धरा. चहाचं बुकिंग केलं म्हणजे राजवाडा पाहता येतो असं गृहीत धरू नका.

पहिल्यांदाच येणाऱ्या, एकाच दिवसात घर, बाग आणि चहा तिन्ही हवं असलेल्या कुटुंबाला मी ब्लेनमच सांगेन. आणि लग्नाचा चाळिसावा वाढदिवस असेल, फक्त दोघांनाच न्यायचं असेल, तर क्लिव्हडन.

चॅट्सवर्थ: उत्तरेकडे जाणार असाल तर

लंडनहून एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे, पण दमवणारं. सेंट पँक्रसहून चेस्टरफील्ड, पुढे बस किंवा टॅक्सी. लीड्स, शेफील्ड, मँचेस्टर, नॉटिंगहॅमकडच्यांसाठी मात्र हीच पहिली निवड असायला हवी.

इथे चहाची सोय पागेत आहे. पागा म्हटल्यावर नाक मुरडू नका. अठराव्या शतकात जेम्स पेननं बांधलेली ही दगडी चौसोपी इमारत अनेक जहागीरदारांच्या घरांहून देखणी आहे. वातावरण तिघांत सर्वांत मोकळं, लहान मुलं असतील तर इथे कोणी वळून बघत नाही. पागेत जायला घराचं तिकीट लागत नाही, त्यामुळे बेत आटोपशीर ठेवता येतो.

बाग मात्र तिकीट काढून पाहाच. जोसेफ पॅक्स्टन, ज्यानं 1851 चा क्रिस्टल पॅलेस उभारला, तो इथला मुख्य माळी होता. रशियाच्या झारच्या स्वागतासाठी त्यानं 1844 मध्ये प्रचंड कारंजं उभं केलं, पण झार आलाच नाही. आणि 1830 च्या दशकात इथल्या काचगृहात त्यानं एक बुटकं केळ वाढवलं. इथले मालक डेव्हनशरचे ड्यूक, त्यांच्या घराण्याच्या आडनावावरून त्याला कॅव्हेंडिश म्हणू लागले. जळगावच्या बागांत आज जी ग्रँड नैन लावतात, ती याच कॅव्हेंडिश गटातली. खानदेशातून आलेल्या पाहुण्यांना हे सांगितल्यावर ते काचगृहांपुढून लवकर हलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

या घरांनी दारं का उघडली, हेही लक्षात असू द्यावं. 1950 मध्ये दहावा ड्यूक वारला, तेव्हा चॅट्सवर्थच्या मालमत्तेवर ऐंशी टक्के वारसा कर बसला आणि तो फेडण्यात वर्षानुवर्षं गेली. वोबर्ननं 1955 मध्ये लोकांसाठी दार उघडलं तेही अशाच ओझ्यापायी. तिकिटाचा आणि चहाचा पैसा आजही अशा घरांच्या देखभालीला हातभार लावतो.

शाकाहारी असाल तर

निवडीत खरी पंचाईत इथेच होते. तिन्ही ठिकाणी शाकाहारी तबक मिळतं, पण इंग्लंडात शाकाहारी म्हणजे अंडं चालतं. नेहमीच्या सँडविचांत काकडी, अंडं आणि क्रेस, स्मोक्ड सामन, हॅम असतं. स्कोनवर तकाकी येण्यासाठी अंडं फासतात, केकांत तर ते असतंच. आईला अंडं चालत नसेल तर ‘व्हेजिटेरियन’ एवढंच लिहून भागत नाही. ‘अंडं नको, जिलेटिन नको’ असं बुकिंगमध्ये लिहा आणि दोनतीन दिवस आधी फोनही करा. मूस, जेली, मार्शमॅलो यांत प्राण्यांपासून काढलेलं हे जिलेटिन लपलेलं असू शकतं. अंडं आणि दूध दोन्ही नसलेलं व्हीगन तबक बहुतेक ठिकाणी वेगळं मिळतं. अंडं न खाणाऱ्यांना ते सोयीचं, पण मग क्लॉटेड क्रीम जातं, आणि ते जाणं हे मोठं नुकसान आहे. ते क्रीम म्हणजे मंद आचेवर जमलेली जाड साय, वर पिवळसर कवच, खाली लोण्यासारखं मऊ. म्हणून व्हीगन तबकाबरोबर क्रीम वेगळं मागून पाहा. बरेचदा देतात.

स्कोन सुरीनं कापू नका, हातानं मधोमध उघडा, गरम असेल तर आपोआप दुभंगतो. डेव्हनमध्ये आधी क्रीम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. मी आधी जॅम लावते, क्रीम वितळत नाही.

चहा मागवताना बाबांना दार्जिलिंग देऊ नका, दूध घालून प्यायची सवय असेल तर ते त्यात बुडून जातं. आसाम मागवा, किटलीत पाच मिनिटं मुरू द्या, आणि गरम पाण्याचा वेगळा जग मागा. उकळलेला, आलं-वेलची घातलेला चहा मिळणार नाही हे घरातूनच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच घोटाला चेहरा पडतो.

फक्त स्कोन, जॅम, क्रीम आणि चहा हवा असेल तर त्याला ‘क्रीम टी’ म्हणतात. तो पूर्ण तबकाच्या मानानं बराच स्वस्त. मधुमेह असलेल्यांसाठी दोघांत एक पूर्ण तबक आणि एक क्रीम टी असा मेळ चांगला बसतो, पण काही ठिकाणी वाटून घेऊ देत नाहीत, म्हणून आधी विचारा. पूर्ण तबक घेणार असाल तर त्या दिवशी दुपारचं जेवण टाळा. उरलेले केक खोक्यात बांधून देतात, मागायला संकोच नको.

वेळ अडीच-तीनची धरावी, आणि बाग चहाच्या आधी फिरून घ्यावी. डिसेंबरात जाणार असाल तर बाराची वेळ मिळवा, कारण चारच्या आसपास सूर्य मावळतो आणि चहा आटपून बाहेर पडेपर्यंत बागेत काही दिसत नाही.