९९,५०० रुपये मोजले, वरून संशयितही मीच

गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही, उद्या उलटी माझ्यावरच नोटीस यायची. पण दिग्रस-पुसदकडचे असाल आणि जुन्या गाडीचं इंजिन बदलायचं डोक्यात असेल, तर राजेहो, हे वाचाच.

आमची बोलेरो मार्च २०१० ची, २५२३ सीसी डिझेल. बाजार, लग्नं, सावंगीचा दवाखाना, सगळं तिच्यावरच. डिसेंबर २०२४ मध्ये माहूरचा गड चढताना टेम्परेचरचा काटा लालवर गेला. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून चहाच्या सायीसारखा थर. पाणी ऑइलात उतरलं की असं होतं, एवढं मलाही समजतं. गॅरेजवाल्यानं मात्र हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तोसुद्धा न उतरवता निकाल दिला, "काकाजी, ब्लॉकच क्रॅक हाये. खोलन्यात पैसा नका घालू, रिकंडिशन इंजिन टाकून घ्या."

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, रिकंडिशन म्हणजे दुरुस्त करून विकलेलं जुनं इंजिन. ब्लॉक क्रॅक म्हटलं की क्रॅक डोळ्यानं बघायचा. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, गेलं किंवा हेड वाकलं तरी ऑइल असंच दुधाळ होतं, आणि ते काम लेथवर फेसिंग करून, म्हणजे हेडचा तळ सपाट करून, नवं गॅस्केट टाकून काही हजारांत निघतं. हे मला दुसऱ्या मिस्त्रीनं सांगितलं, पैसे गेल्यावर.

इंजिन ७८,०००, मजुरी ९,०००, क्लच प्लेट ६,४००, माउंटिंग २,८००, ऑइल-कूलंट ३,३००. बेरीज ९९,५००, सगळे रोख. तेव्हाचा हमीभाव ७,५२१ धरला तरी सव्वातेरा क्विंटल कापूस झाला हा! जुनं इंजिन त्यानं "भंगार" म्हणून ठेवून घेतलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, "जीएसटीचं पायजे असन तं १८ टक्के वर लागन." मिळाली ती वहीतली चिठ्ठी. तिच्यावर गाडी नंबर नाही, इंजिन नंबर नाही, सहीसुद्धा नाही.

आता ती घडी, जी आठवली की अजून झोप उडते. इंजिन बसवायच्या आधी त्यानं दाखवायला बोलावलं होतं. चंदेरी रंगात लखलखत होतं. इंजिन नंबर कोरलेला असतो ती जागा मी शोधली आणि अंगठा फिरवला. बोटाला ओला रंग लागला, आणि खाली आडव्या रेघा हाताला लागल्या, ग्राइंडर फिरवल्यासारख्या. विचारलंही, "नंबर कुठंय?" तर हसला. "रंगाखाली हाये काकाजी, रिकंडिशनवाले रंग मारूनच पाठवतेत." तेवढ्यात चहा आला. हसणारे हसतील, पण ट्रॅक्टरचं इंजिन बांधताना पान्हे देत उभा राहणारा माणूस आहे मी, अगदीच अडाणी नाही. घरात सून दिवसात होती, गाडी पंधरा दिवस बंद आणि निम्मे पैसे आधीच त्याच्या खिशात. त्या वेळी तुम्ही काय केलं असतं?

दोन महिन्यांत ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर, ऑइल गायब, चढावर जीव नाही. दुसऱ्या मिस्त्रीच्या मते हे बहुतेक माल वाहून थकलेल्या पिकअपचं इंजिन असावं.

खरा तमाशा पुढंच. पंधरा वर्षं भरली म्हणून मार्च २०२५ मध्ये गाडी आरटीओत फेरनोंदणीला नेली. साहेबांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारली आणि आरसी माझ्या हातात परत दिली. नंबर जुळत नाही, इंजिन बदलल्याची नोंद नाही, बिल आणा, ते इंजिन ज्या गाडीचं आहे तिचे कागद आणा. अहो, कागद असते तर इथं कशाला उभा राहिलो असतो? एक खिडकी म्हणते अर्ज आधी, दुसरी म्हणते तपासणी आधी, आणि बाहेरचा एजंट म्हणतो १५,००० द्या, सगळं होते.

पोलीस ठाण्यात तर कमालच. अर्ज वाचायच्या आधीच जमादार म्हणाले, "हे दिवाणी मॅटर आहे." मी म्हटलं, फसवणुकीचं कलम ४२० आता नव्या कायद्यात ३१८ झालंय, पण गुन्हा तर राहिलाच ना? त्यावर जमादार पुढं सरकले. "नंबर घासलेलं इंजिन कोणाच्या गाडीत आहे? तुमच्या ना? मग आधी चौकशी तुमचीच होईल." पोच मागितली तर म्हणे शिक्का वरच्या साहेबांकडं. वरचे साहेब बंदोबस्ताला. बंदोबस्त संपला तर साहेब रजेवर. ज्यानं ग्राइंडर फिरवला तो निवांत खर्रा चघळतोय आणि मी आधार कार्डाच्या झेरॉक्स वाटत फिरतोय!

पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क करता येते, दोन वर्षांच्या आत. हे एकाही साहेबानं सांगितलं नाही, कचेरीबाहेर टायपिंग करणाऱ्या पोरानं सांगितलं. तिथं पुरावा लागतो, म्हणून पैसे रोख देऊच नका, ऑनलाइन किंवा चेकनं द्या. नंबराचा फोटो इंजिन गाडीत बसायच्या आधी काढा. जुनं इंजिन सोडू नका, ट्रॉलीत टाकून घरी आणा. माझं आज हाती असतं तर हेड उतरवून सगळ्यांसमोर दाखवलं असतं.

तक्रार टाकली आहे. परवा गॅरेजवाल्याला फोन केला, जुनं इंजिन तरी परत दे म्हणून. म्हणाला, "ते तं तवाच गेलं काकाजी. तुम्ही असं करा, पंचवीस हजार घेऊन या, दुसरं टाकून देतो."