‘सुधारित’ फॉर्म १६ आणि माझी पोच

पुण्याजवळच्या एका लहान अभियांत्रिकी कंपनीत मी चार वर्षे नोकरी केली. आर्थिक वर्ष २०२२-२३ मध्ये माझ्या पगारातून दरमहा ६,००० रुपये टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापून घेतला जाणारा प्राप्तिकर, कापला जात होता, म्हणजे वर्षाचे ७२,००० रुपये. बाराही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपांवर हा आकडा आहे आणि कपातीनंतर उरलेली रक्कम बँकेच्या खात्यात जशीच्या तशी जमा झालेली आहे. एवढा पुरावा हाताशी असूनही मी फसलो, कारण वर्षाअखेरीस कंपनीने दिलेला कागद हाच अंतिम पुरावा असतो, अशी माझी समजूत होती.

जून २०२३ मध्ये आम्हाला फॉर्म १६, म्हणजे वर्षाचा पगार आणि त्यातून कापलेला कर यांचे मालकाने द्यायचे प्रमाणपत्र, मिळाला. कापलेल्या कराचा भाग अ आणि पगाराच्या हिशेबाचा भाग ब एकाच फाइलमध्ये होते, खाली कंपनीचा शिक्का आणि संचालकांची सही होती, आणि कापलेला कर ७२,००० रुपये असे स्पष्ट लिहिलेले होते. आपल्या नावावर किती कर जमा झाला ते दाखवणाऱ्या प्राप्तिकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये मात्र माझ्या नावावर ५४,००० रुपयेच दिसत होते. जानेवारी ते मार्च या चौथ्या तिमाहीची एकही नोंद त्यात नव्हती. मी हिशेब विभागात चौकशी केली. तेथील गृहस्थांना कार्यालयात सगळे ‘काका’ म्हणत. ते म्हणाले, “अहो, शेवटच्या तिमाहीचं रिटर्न थोडं उशिरा गेलंय. महिनाभरात दिसेल. तुम्ही भरून टाका.” माणूस वयाने मोठा, बोलणे मऊ, दिवाळीला घरचा चिवडा आणणारा. त्यामुळे मी जुलैच्या अखेरच्या आठवड्यात ७२,००० रुपये कापले गेल्याचे दाखवून विवरणपत्र भरले.

त्या वेळी मला ठाऊक नव्हते ते, तेव्हाच्या नियमांनुसार, येथे सविस्तर लिहितो. पगारातून कापलेला कर मालकाने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करायचा असतो. फक्त मार्चच्या कपातीसाठी ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. त्यानंतर तिमाहीचे २४क्यू हे विवरणपत्र भरायचे असते आणि चौथ्या तिमाहीसाठी त्याची मुदत ३१ मे असते. याच शेवटच्या विवरणपत्राला प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या पगाराचे परिशिष्ट जोडलेले असते आणि त्याच्या आधारेच फॉर्म १६ चा भाग ब तयार होतो. भाग अ पूर्वीपासून ट्रेसेस या सरकारी संकेतस्थळावरून उतरवून द्यावा लागतो. २०१८-१९ या आर्थिक वर्षापासून भाग बसुद्धा तिथूनच घ्यावा लागतो. म्हणजे ज्या मालकाने चौथ्या तिमाहीचे २४क्यू भरलेलेच नाही, त्याच्याकडे खरा भाग ब असूच शकत नाही. आमच्या हाती पडलेला फॉर्म कार्यालयातल्याच संगणकावर बनवलेला होता. त्यावर ट्रेसेसचे चिन्ह नव्हते आणि प्रमाणपत्र क्रमांकही नव्हता. शिक्का मात्र ठळक होता, आणि आपल्याकडे शिक्का पाहिला की माणूस पुढचे वाचत नाही.

नोव्हेंबरमध्ये प्राप्तिकर खात्याकडून कलम १४३(१) खालील, म्हणजे विवरणपत्र तपासल्यानंतरची, सूचना आली. खात्याने ५४,००० रुपयांचेच श्रेय मान्य केले होते आणि उरलेले १८,००० रुपये व त्यावरील व्याज भरण्याची मागणी माझ्या नावावर काढली होती. मी पुन्हा काकांकडे गेलो. त्यांनी आश्चर्य वाटल्याचे दाखवले, दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी ‘सुधारित फॉर्म १६’ ईमेलने पाठवला. सोबतच्या मजकुरात म्हटले होते की पहिल्या फॉर्ममध्ये लिपिकाकडून चूक झाली होती, तो रद्द समजावा आणि नव्या आकड्यांनुसार ३१ डिसेंबरपूर्वी सुधारित विवरणपत्र भरावे, म्हणजे मागणी आपोआप रद्द होईल.

नव्या फॉर्ममध्ये कापलेला कर ५४,००० रुपये होता आणि माझा वार्षिक पगार सुमारे ८६,५०० रुपयांनी कमी झालेला होता. हा आकडा पाहून मी थबकलो, हे खरे. काकांनी त्याचेही उत्तर तयार ठेवले होते: शेवटच्या तिमाहीत मिळालेला प्रोत्साहन भत्ता आता प्रवासखर्चाची भरपाई म्हणून दाखवला आहे, त्यामुळे तो करपात्र राहत नाही आणि यात तुमचाच फायदा आहे. मी त्या वर्षी कंपनीच्या कामासाठी नाशिक आणि कोल्हापूरला चार-पाच वेळा गेलो होतो, त्यामुळे ते बोलणे पटण्याजोगे वाटले. पण त्या प्रवासाचे पैसे मला तेव्हाच वेगळे मिळाले होते, हे मी सोयीस्करपणे विसरलो. १८,००० रुपयांची मागणी एका सहीने जाणार असेल तर कोणाला नको असते? या प्रकरणात लोभाचा काही वाटा माझाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

ही आकडेमोड किती बेताने केली होती, ते पुढे कळले. जुन्या करपद्धतीने ७,८३,६५० रुपयांच्या करपात्र उत्पन्नावर उपकर धरून जवळपास ७२,००० रुपये कर येतो. त्यातून साधारण ८६,५०० रुपये वजा केले की कर ५४,००० रुपयांवर येऊन थांबतो. म्हणजे जेवढा कर कंपनीने सरकारजमा केला होता, तेवढाच कर बसावा म्हणून माझा पगार उलटा मोजून काढला होता. कागदाचे नाव सुधारित होते, पण त्यामागे २४क्यूची कोणतीही दुरुस्ती नव्हती. खरी चूक सुधारायची असेल तर मालक आधी २४क्यूचे दुरुस्ती विवरणपत्र भरतो, त्यानंतर ट्रेसेसवरून नवा फॉर्म उतरवतो आणि कर्मचाऱ्याच्या २६एएसमध्ये बदल दिसू लागतो. माझ्या २६एएसमध्ये जूनपासून डिसेंबरपर्यंत एका रुपयाचाही फरक पडलेला नव्हता, आणि नेमके तेच मी तपासले नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी सुधारित विवरणपत्र भरले. काकांनी ‘रेकॉर्डसाठी’ म्हणून त्याच्या पोचेची प्रत मागितली आणि मी ती पाठवली. मागणी रद्द झाली.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही असाच फॉर्म आला होता. त्याने तो स्वीकारला नाही. खात्याच्या संकेतस्थळावर मागणी मान्य नसल्याचा प्रतिसाद त्याने नोंदवला, बारा स्लिपा, बँकेचा उतारा आणि कंपनीचा टॅन क्रमांक (कर कापणाऱ्याला मिळणारा नोंदणी क्रमांक) जोडून करनिर्धारण अधिकाऱ्याला पत्र दिले आणि त्यात १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २०५ चा उल्लेख केला. ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, त्या कराची वसुली कर्मचाऱ्याकडून थेट करता येत नाही, असे ते कलम सांगते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी आणि पुन्हा ११ मार्च २०१६ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना हेच बजावले आहे. अर्थात त्यामुळे संगणकावरची मागणी लगेच पुसली जात नाही आणि पुढच्या वर्षीच्या परताव्यातून ती रक्कम वळती होण्याची टांगती तलवार राहतेच. मी तेव्हा त्याला हसलो होतो, की एवढ्यासाठी हा माणूस कार्यालयांचे खेटे घालत बसणार.

माझे पितळ गृहकर्जाच्या वेळी उघडे पडले. मार्च २०२४ मध्ये बँकेने विवरणपत्रे, फॉर्म १६ आणि पगारखात्याचे उतारे मागितले. तपासणाऱ्या बाईंनी दहा मिनिटांत दोन गोष्टी दाखवल्या: फॉर्मवर प्रमाणपत्र क्रमांक नाही, आणि खात्यात जमा झालेला पगार फॉर्ममधील पगाराशी जुळत नाही. “सर, हे तुम्ही कुठून आणलंत?” असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांच्या नजरेत मीच बनावट कागद घेऊन आलेला इसम होतो. अर्ज नामंजूर झाला.

त्यानंतर एका सनदी लेखापालांकडे गेलो. त्यांनी स्लिपा आणि दोन्ही फॉर्म समोर ठेवून सांगितले की कंपनीने कर कापून तो सरकारजमा केला नाही. त्यासाठी कंपनीला दरमहा दीड टक्का व्याज आणि कलम २७६ब खाली खटल्याचा धोका होता; तुमच्या सुधारित विवरणपत्रामुळे मात्र तो कर कधी कापलाच गेला नव्हता, असे तुम्ही स्वतःच लिहून दिले आहे, शिवाय मिळालेले उत्पन्न कमी दाखवले आहे. सुधारित विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपलेली होती. ही मुदत उलटल्यावरही भरता येणाऱ्या ‘अद्ययावत’ विवरणपत्राचा मार्ग खुला होता, पण त्यात परतावा मागता येत नाही आणि पहिल्या वर्षात भरले तरी कर व व्याजाच्या एकूण रकमेवर २५ टक्के जादा कर द्यावा लागतो. कलम २०५ चा आधार घेऊन भांडता आले असते. परंतु माझ्याच विवरणपत्राविरुद्ध मला बोलावे लागणार होते आणि तोवर कमी दाखवलेले उत्पन्न तसेच राहणार होते. जून २०२४ मध्ये मी १८,००० रुपये कर, त्यावरील व्याज आणि जादा कर असे मिळून २५,००० रुपयांहून अधिक भरले. एकदा पगारातून कापला गेलेला कर मी दुसऱ्यांदा भरला, तोही दंडासह.

नोकरी सोडताना मी संचालकांना लेखी पत्र दिले. मधल्या काळात त्या सहकाऱ्याच्या तक्रारीनंतर कंपनीने चौथ्या तिमाहीचा थकलेला कर भरला होता आणि त्याच्या २६एएसमध्ये जानेवारी, फेब्रुवारी व मार्चच्या नोंदी दिसू लागल्या होत्या. माझ्या २६एएसमध्ये मात्र आकडा ५४,००० रुपयांवरच राहिला. संचालकांचे उत्तर एका ओळीचे होते: आपल्या पगारातून ५४,००० रुपयेच कापले गेल्याचे आपण स्वतः सरकारला कळवले आहे. सोबत माझ्याच सुधारित विवरणपत्राच्या पोचेची प्रत जोडलेली होती.