पॉपकॉर्न मशीन: आठ महिने, एक फ्यूज आणि मोजलेले गणंग

मशीन मेलं तेव्हा सिनेमा सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. दुसरा घाणा लावला होता, तडतड चांगली रंगात आली होती, आणि एकदम सगळं गप्प. पंखा बंद, हीटर बंद. प्लग काढून दुसरीकडे लावला. तिथे फोनचा चार्जर लावून पाहिला, म्हणजे सॉकेट ठणठणीत. मग मशीनला एक टपली मारली, कारण माझी कुठलीही दुरुस्ती तिथूनच सुरू होते. काही नाही. आतून मुलगी ओरडली, "बाबा, पॉज करू का?" म्हटलं, कर. तो सिनेमा त्या रात्री पुढे सरकलाच नाही. मी स्क्रूड्रायव्हर शोधत बसलो.

तर हा गरम हवेवर चालणाऱ्या, बिनतेलाच्या पॉपकॉर्न मशीनचा आठ महिन्यांचा अनुभव. वॅट किती, कप केवढा, रंग कुठले, हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे उतरवत नाही. कंपनीचं नावही घेत नाही. माझं आणि बहिणीचं अशी वेगवेगळ्या नावांची दोन मशीनं मी उघडून पाहिलीत, आतून दोन्ही सख्खी जुळी निघाली.

घ्यायचं कारण सरळ होतं. आमच्याकडे शनिवारी रात्री जुना सिनेमा बघायचा शिरस्ता आहे आणि त्याच्याबरोबर पॉपकॉर्न लागतातच. आधी मायक्रोवेव्हच्या पिशव्या आणायचो. पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनिअरच्या खिशातलं चॉकलेट 1945 साली रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ (सूक्ष्मलहरी सोडणारी नळी) वितळलं, पुढे त्याने मक्याचे दाणे तिथे धरून पाहिले, ते फुटले, आणि त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन आला. गोष्ट मोठी छान आहे, पण पिशवीतल्या मूठभर दाण्यांसाठी जे पैसे मोजावे लागतात त्यात सुटे दाणे कितीतरी जास्त येतात. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पिशवी फाडताना हात आखडतो. मशीन दहा महिन्यांत स्वतःची किंमत वसूल करेल असं मी कागदावर काढून बायकोला दाखवलं होतं. तो कागद तिने फ्रिजवर लावून ठेवलाय. अजून आहे.

पहिला आठवडा नुसतं कौतुक. अडीच-तीन मिनिटांत भांडं भरतं. तेल नाही, घासायची कढई नाही. दाणे आत गरागरा फिरतात, मग एक फुटतो, मग चार, मग सगळेच. मुलगी झाकणाला नाक लावून उभी. मी लगेच बहिणीला फोन करून "घेऊन टाक" म्हणून सांगितलं. ती माझ्यावर विश्वास ठेवते, हा तिचा दोष.

मग भांड्याच्या तळाशी हात गेला. गणंग.

एखाददुसरा असता तर मी बोललो नसतो. मूठभर होते. पन्नास ग्रॅम दाणे मोजून टाकले होते (एकदा बसून मोजले, साडेतीनशेच्या आसपास भरतात) आणि न फुटलेले एक्केचाळीस निघाले. म्हणजे साधारण दर आठ-नऊ दाण्यांमागे एक फुकट. ज्या माणसाने वसुलीचा कागद काढलाय त्याने हे कसं सहन करावं? दुसऱ्या दिवसापासून वही केली. तारीख, ग्रॅम, गणंग. बायको म्हणाली, "अरे, पॉपकॉर्न खातोयस की ऑडिट करतोयस?" पण आकडे बोलत होते. एक्केचाळीस, अडतीस, सत्तेचाळीस. दुसऱ्या महिन्यात थेट अडुसष्ट.

पहिला संशय विजेवर. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरला की हीटरची ताकद जवळजवळ वीस टक्क्यांनी घसरते, आणि मक्याच्या दाण्याला थोडं कमी तापमान चालत नाही. 2015 साली दोन फ्रेंच संशोधकांनी अतिवेगवान कॅमेरा लावून दाणे फोडले होते. 170 अंश सेल्सिअसला फक्त 34 टक्के फुटले, 180 ला 96 टक्के. दहा अंशांचा खेळ! हे वाचल्यावर मला वाटलं, सापडला चोर. रात्री सगळ्यांचे दिवे-पंखे चालू, वीज दमते, मशीन कमी तापतं. म्हणून एका रविवारी पहाटे सहाला उठून घाणा लावला. गणंग चव्वेचाळीस. त्याच रात्री शेहेचाळीस. वीज निर्दोष सुटली आणि घरच्यांची झोप फुकट मोडली, कारण हे यंत्र चालताना शेजारी कोणी केस वाळवतंय असा आवाज येतो.

दुसरा संशय मशीनच्या तोंडावर. गरम हवेच्या मशीनची एक खोड आहे. फुटलेल्या हलक्या लाह्या वर चढताना शेजारच्या न फुटलेल्या दाण्यांना ढकलत बाहेर घेऊन जातात. बिचाऱ्या दाण्याला अजून अर्धा मिनिट हवा असतो आणि गर्दी त्याला दाराबाहेर काढते. उपाय सोपा: मशीन मागच्या बाजूला थोडं कलतं ठेवायचं, म्हणजे दाणे मागे घसरतात आणि फुटेपर्यंत आत राहतात. मी पुढच्या कडेखाली एक टॉवेल घडी करून सरकवला. आवाजही थोडा दबला. गणंग एकतीसवर आले. मी खूश. हा टॉवेल लक्षात ठेवा.

उत्तर शेवटी बरणीत सापडलं. मशीन आणलं तेव्हाच दाण्यांचं मोठं पाकीट आणलं होतं, स्वस्त पडतं म्हणून. ते काचेच्या बरणीत ओतून शेगडीशेजारच्या फळीवर ठेवलं. झाकण नीट बसत नव्हतं आणि दुपारी खिडकीतलं ऊन तिथेच पडायचं. मक्याचा दाणा फुटतो तो आतल्या पाण्यावर. वजनाच्या साधारण 14 टक्के ओल हवी. तापल्यावर त्या पाण्याची वाफ होऊ बघते, टरफल तिला कोंडून धरतं, आतला दाब हवेच्या नऊपट होतो, आणि मग टरफल हार मानतं. आतला मऊ झालेला स्टार्च फसफसून बाहेर येतो आणि तिथल्या तिथे थिजतो. दाणा वाळला की वाफ कमी, दाब कमी, आणि दाणा जागेवर करपतो. माझे दाणे मी स्वतः महिनाभर उन्हात वाळवत बसलो होतो आणि वहीत मशीनच्या नावाने बोटं मोडत होतो.

अर्धा किलो दाण्यांना एक मोठा चमचा पाणी घातलं, घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं, दिवसातून दोनदा डबा हलवला. चार दिवसांनी घाणा लावला. तेरा! भांडं उपडं करून पुन्हा मोजले. तेराच. लाह्याही मोठ्या आणि फुलारलेल्या. त्या रात्री मशीनबद्दल मी आधी जे जे बोललो होतो ते मनातल्या मनात मागे घेतलं. (बहिणीला फोन केला नाही. तिचे दाणे फ्रिजमध्ये असतात, आणि फ्रिजमधल्या कोरड्या हवेत तर ते आणखी वाळत असणार. सांगायला हवं.)

गाडीचं राहिलंच. लांबच्या प्रवासाला पॉपकॉर्नचा डबा बरोबर घ्यायची कल्पना माझीच. सुगंध दरवळला, सगळे खूश, आणि वळणावर डबा कलंडला. लाह्या वेचल्या. गणंग ड्रायव्हरच्या सीटच्या रुळात गेले. तेव्हापासून सीट मागे घेताना एका ठिकाणी कट् असा आवाज येतो आणि ती तिथे अडते. व्हॅक्युमची बारीक नळी घातली, चिमटा घातला, वायर वाकवून घातली. तो बसलाय तिथेच. माझ्यापेक्षा उंच माणूस ही गाडी आता चालवू शकत नाही.

आता सर्व्हिस सेंटर. वॉरंटीचे चार महिने बाकी होते, म्हणून छाती पुढे काढून गेलो. काउंटरवरच्या मुलाने मशीन उलटं केलं, सरळ केलं आणि म्हणाला, "ओव्हरलोड झालंय सर. वापरातली चूक. वॉरंटीत बसत नाही." मी वही काढली. प्रत्येक घाण्याचे ग्रॅम लिहिलेत, एकदाही पन्नासच्या वर गेलो नाही! त्याने वही कौतुकाने चाळली, दोन पानं उलटली आणि विचारलं, "सर, हे गणंग म्हणजे काय?" बाजूच्या ताईंना हसू आवरेना. मशीन ठेवून घेतलं. पंधरा दिवसांत पाच फोन केले, दर वेळी "उद्या". शेवटी निरोप आला की आतला अख्खा हीटर संच बदलावा लागेल, आणि खर्च नव्या मशीनच्या निम्म्याहून जास्त. मी आवाज चढवला. मग त्याने शांतपणे माहितीपुस्तिकेतलं एक पान समोर धरलं: दोन घाण्यांमध्ये दहा मिनिटं मशीन थंड होऊ द्यावं. ते पान मी पहिल्यांदाच बघत होतो. आवाज उतरवला, मशीन काखेत मारलं आणि घरी आलो.

शेवटी मिक्सर, इस्त्री असलं सगळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेलं. त्यांनी चार स्क्रू काढले, मल्टिमीटरची दोन टोकं इकडेतिकडे लावली आणि दोन मिनिटांत म्हणाले, "थर्मल फ्यूज गेलाय. हीटर एकदम ओके." पेन्सिलच्या टोकाएवढा, दोन्हीकडून तार निघालेला एक धातूचा तुकडा. शेजारी एक थर्मोस्टॅट असतो, तो तापला की तोडतो आणि थंड झाला की पुन्हा जोडतो. फ्यूजचं तसं नाही. ठरलेल्या तापमानाच्या वर गेला की एकदाच वितळतो आणि संपला. मशीन पेट घेऊ नये म्हणून ठेवलेला शेवटचा पहारेकरी. मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं, "काका, तो काढून वायर सरळ जोडली तर?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जोडतो. मग पुढच्या वेळी मला नको, बंबवाल्यांना फोन करा."

नवा फ्यूज त्याच तापमानाचा शोधला. तोही सोल्डर केला नाही, बारीक नळीत तारा घालून पकडीने दाबून बसवला. सोल्डरच्या उष्णतेने फ्यूज लावतानाच उडू शकतो म्हणे. मी हे सगळं मन लावून बघत होतो, तेवढ्यात त्यांनी मशीन उपडं केलं आणि तळाच्या जाळीतून चिमट्याने काहीतरी ओढलं. निळा धागा. मग आणखी एक. मग धाग्यांचा आणि लालसर फोलपटांचा मिळून एक छोटा बोळा.

"हवा इथून आत घेतं हे," काका म्हणाले. "खाली काय ठेवत होता?"

टॉवेल निळाच आहे.

म्हणजे गणंग वाचवायला मशीन कलतं केलं, कलतं करायला टॉवेल लावला, टॉवेलने हवा अडली, पंखा हीटरला थंड ठेवू शकला नाही आणि फ्यूज गेला. दहा मिनिटं न थांबता लावलेल्या दुसऱ्या घाण्याने उरलंसुरलं काम केलं. सर्व्हिस सेंटरचा मुलगा चूक नव्हता. पण साध्या फ्यूजसाठी अख्खा हीटर माथी मारत होता, तेव्हा बरोबरही नव्हता. काकांनी घेतलेले पैसे इतके कमी होते की वसुलीच्या कागदावर मी ते धरलेलेच नाहीत.

आता पुढच्या कडेखाली लाकडाच्या दोन चकत्या आहेत, मधून हवा खेळती. एक घाणा झाला की मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर.

एक खरी तक्रार मात्र उरते आणि तिला इलाज अर्धाच आहे. मीठ चिकटत नाही. शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनात चार्ल्स क्रेटर्सने वाफेवर चालणारं मशीन मांडलं होतं, त्यात दाणे तेल-मसाल्यातच फुटायचे, म्हणून प्रत्येक लाहीला चव. इथे लाही कोरडी ठक्क, मीठ घरंगळत तळाशी, गणंगांच्या सोबतीला. मीठ मिक्सरमधून पिठासारखं दळून घेतलं आणि भांड्यातल्या लाह्यांवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला तर थोडं धरतं. फवारा जरा जास्त झाला की लाह्या चामट. वितळलेलं लोणी घातलं की प्रश्नच मिटतो, पण मग बिनतेलाचं मशीन कशाला घेतलं, हे बायको विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही.

परवा सर्व्हिस सेंटरमधून फोन आला. मशीन दुरुस्त न करताच परत दिलं होतं, तरी अभिप्राय हवा होता. "सर, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?" मी म्हटलं, ताई, गोष्ट जरा लांब आहे, मुळात दाणे बरणीत वाळले होते. "सर, फक्त आकडा सांगा." मी टेबलावरच्या वहीत बघितलं, आदल्या रात्रीचा आकडा समोरच होता.

"अकरा," मी म्हणालो.