बोटीवरचा कॅसिनो, हॉटेलातला कॅसिनो की लॉटरी: माणशी पाच हजार घेऊन निघालेल्यांसाठी

चिपळूणच्या मामेभावाचं लग्न ठरलंय, त्याआधी सहा पोरं गोव्याला निघालीयत आणि मी सावंतवाडीत राहतो म्हणून रात्री अकराला मला फोन, "दादा, कॅसिनोत जाऊ की लॉटरीची तिकिटं घेऊन गप बीचवर बसू? माणशी पाच हजार काढलेत." फोनवर काय ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढतोय, अजून कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आधी बोट. गोव्याने १९७६ चा आपला जुगारबंदी कायदा दोनदा सैल केला, १९९२ ला पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन, म्हणजे बटण दाबून खेळायची जुगाराची यंत्रं, आली आणि १९९६ ला पाण्यावरच्या बोटीत टेबलं. म्हणजे कायद्याने पत्ते वाटणारा माणूस समोर हवा असेल तर मांडवी नदीतल्या बोटीवरच जायचं, हॉटेलात मशीनवरचा खेळ. वय २१ पूर्ण पाहिजे आणि आधारसारखं ओळखपत्र लागतं. आणि आधारवर गोव्याचा पत्ता असेल तर आत सोडत नाहीत, १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना खेळायला बंदी आहे, कॅसिनोतच नोकरीला असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही गेलो तेव्हा गोव्यातल्या पेडण्याचा मित्र बरोबर होता, जेटीवर त्याचं आधार बघून त्याला बाजूला काढलं, आमच्या हातात पट्टे बांधले आणि तो बिचारा म्हणतो, "तुमी जावा, मी हंयसर थांबतंय." तीन तास भजी खात बसला आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत कमी पैसे त्याचेच गेले.

तेव्हा हसलो, नंतर लक्षात आलं की हे जगात बऱ्याच ठिकाणी असंच आहे. मोनॅकोचा कॅसिनो एवढा नावाजलेला पण मोनॅकोच्या नागरिकाला तिथे खेळता येत नाही, नेपाळमध्येही नेपाळ्याला बंदी. सिंगापूरने २०१० मध्ये दोन कॅसिनो उघडले तर परदेशी माणसाला दार फुकट आणि स्वतःच्या नागरिकाला दिवसाचे १०० सिंगापूर डॉलर, २०१९ पासून १५०, शिवाय तिथे घरचे अर्ज करून आपल्या माणसाला कॅसिनोबंदी लावून घेऊ शकतात. महाराष्ट्राने तर १९७६ ला कॅसिनोचा कायदा केला, एकदाही लागू केला नाही आणि २०२३ ला रद्द केला, सत्तेचाळीस वर्षं कपाटात! म्हणजे या सरकारांना आपलं माणूस आत नकोय आणि शेजारचं चालतंय, आणि गोव्याच्या सीमेवरचं बांदा ओलांडलं की ते शेजारचं माणूस म्हणजे आपण.

आता पैशाचा हिशेब, कारण पोरं तिथेच फसतात. सगळे विचारतात रूलेट (आकड्यांच्या चाकावर गोटी फिरवायचा खेळ) बरा की पत्त्यांचा अंदर-बाहर बरा, पण मोठा खड्डा टेबलावर नाहीच, काउंटरवर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी लागतो आणि तो तुम्ही चिप्स, म्हणजे खेळायची टोकनं, घ्यायला जे पैसे देता त्या पूर्ण रकमेवर. पाच हजारांतच टॅक्स धरला तर खेळायला उरतात साधारण ३५७०, बाकीचे चौदाशेतीस बसायच्या आधीच गेले. आता दोन शून्यांचा रूलेट धरा, घरं ३८ आणि नंबर लागला तर मिळतात ३५ पट, त्या फरकात कॅसिनोला सरासरी ५.२६ टक्के सुटतात. दर फेरीला शंभर, तासाला चाळीस फेऱ्या, म्हणजे चार हजार फिरले आणि सरासरीने दोनशेदहा गेले. टॅक्समध्ये गेले तेवढे टेबलावर घालवायला पावणेसात तास बसावं लागेल! एकाच शून्याचं चाक मिळालं तर कॅसिनोचा वाटा २.७० टक्क्यांवर येतो, तेव्हा चाकाजवळ गेलात की आधी शून्य मोजा. अंदर-बाहर साधारण दोन-तीन टक्क्यांत आहे, जत्रेतल्या जुगाराच्या पटावर बसलेल्यांना तो ओळखीचाही वाटेल, फक्त बोटीवर पट चालवणारा तक्षीमदार ओरडत नाही.

हॉटेलातलं मशीन मला स्वतःला आवडत नाही. शांत, एसी, समोर कुणी नाही, बटण दाबत राहायचं, एका मिनिटात दहा डाव होतात ते कळतच नाही. कॅसिनोचा वाटा टक्क्यात बदलत नाही, पण डाव जितके भरभर तितका तो जास्त वेळा कापला जातो.

लॉटरीत उलटं. महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासून आहे, तिकिटावर जीएसटी तोच ४० टक्के आणि जगभर सरकारी लॉटरीत बक्षिसातून परत येणारे पैसे साधारण निम्मे, म्हणजे हिशेबाने रूलेटपेक्षा कितीतरी वाईट. पण तिकीट घेतलं की सोडतीपर्यंत गप बसावं लागतं, रात्री दोनला "अजून एकच" म्हणता येत नाही. शंभर-दोनशेची मजा असेल तर लॉटरी, पाच हजारांची तिकिटं घेणं म्हणजे शुद्ध येडेपणा. आणि कुठेही जिंकलात तरी ३० टक्के आयकर, वर सेस, आधीचे हरलेले त्यातून वजा होत नाहीत.

घोड्यांची रेस मुंबई-पुण्याला, त्यासाठी चिपळूणहून उलटं कोण जाणार, सोडा. मोबाईलवरची रमी आणि पैसे लावून क्रिकेटची टीम लावणं तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदच झालं, कौशल्याचा खेळ असला तरी पैसे लावून नाही. कुणी कुरसाव या कॅरिबियन बेटाचं लायसन्स दाखवून ऑनलाइन कॅसिनोची लिंक पाठवली तर ती इथे चालत नाही, आणि पैसे अडकले तर तक्रार घेऊन जाणार कुठे?

तर पोरांना सांगितलंय, एक रात्र बोटीवर जा, टेबलावर बसा, जेवण-खाण पॅकेजमध्ये किती आणि चिप्स किती हे काउंटरवर विचारूनच पैसे द्या. सहातला एकजण मागे ॲपवर बराच बुडालाय, त्याला नेऊ नका म्हटलं तर तो रुसला. मग पेडण्याच्या मित्रालाच फोन लावला. सगळ्यांची एटीएम कार्डं आणि फोन त्याच्याकडे ठेवायचे, प्रत्येकाच्या खिशात रोख पाच हजार, आणि त्याला आत सोडत नाहीत म्हणजे कार्ड मागायला बोटीतून उतरून जेटीवर यावं लागणार. तो हो म्हणाला, भज्यांचे पैसे तेवढे आगाऊ मागितले.